शालीखालचा माइक: विज्ञानकादंबरीकारासाठी ‘रोड वायरलेस गो टू’

फेब्रुवारीची २७ तारीख मराठी भाषा गौरव दिनाची आणि २८ राष्ट्रीय विज्ञान दिनाची. मराठीत विज्ञानकादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाला हे दोन दिवस दुपारचं जेवण काही घरी मिळत नाही. एका दिवशी तो साहित्यिक म्हणून हवा असतो, दुसऱ्या दिवशी विज्ञान समजावणारा म्हणून. तो गोव्यात राहत असेल तर आणखीच: गोवा लहान, त्यामुळे सकाळी पेडण्याची शाळा, दुपारी पणजीत परिसंवाद आणि संध्याकाळी मडगावला वाचनालय, असा बेत आयोजकांना सहज जमेलसा वाटतो. पुढे २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन, ४ ते १० ऑक्टोबर जागतिक अंतराळ सप्ताह, १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांची जयंती. मध्येच श्रीहरिकोट्याहून एखादं यान उडालं की बातमीदारांचे फोन सुरू. बोलणं हा या लेखकाच्या कामाचा अर्धा भाग होऊन बसला आहे, आणि त्या अर्ध्या भागासाठी लागणाऱ्या एका अवजाराचं हे परीक्षण.

अवजार म्हणजे रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीचा ‘वायरलेस गो टू’ हा बिनतारी माइकसंच. तो २०२१ साली बाजारात आला. संचात दोन ट्रान्समीटर (बोलणाऱ्याच्या अंगावरच्या, आवाज पाठवणाऱ्या डब्या) आणि एक रिसीव्हर (तो आवाज घेणारी डबी) असतो. प्रत्येक डबी साधारण साडेचार सेंटिमीटर चौरस, वजन ३० ग्रॅमच्या आसपास. ट्रान्समीटरमध्येच माइक आहे, शिवाय वेगळा कॉलर-माइक लावायला ३.५ मिलिमीटरची खाच आहे. एकदा चार्ज केला की ७ तासांपर्यंत चालतो आणि मोकळ्या मैदानात २०० मीटरपर्यंत पोचतो, असं कंपनी सांगते. नव्या मॉडेलांबद्दल पुढे येईलच.

मत आधीच सांगून टाकतो. लेखकाने हा संच बिनतारी आहे म्हणून घेऊ नये. प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःच्या पोटात आवाज साठवून ठेवतो, म्हणून घ्यावा. सभागृहातले स्पीकर वाजवायला याहून स्वस्त आणि बरे पर्याय आहेत. आपण काय बोललो याची स्वतःजवळ स्वच्छ नोंद राहणं ही विज्ञानकथा लिहिणाऱ्याची खास गरज आहे, आणि ती हा संच भागवतो.

ही गरज खास का, ते बघा. कवीचं एखादं वाक्य वर्तमानपत्रात थोडं बदलून छापलं गेलं तर फारसं बिघडत नाही. विज्ञानावर बोलणाऱ्याचा एक शब्द गळला की विधानच खोटं ठरतं. लेखक सांगतो, ‘चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात, साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं.’ बातमीत येतं, ‘दक्षिण ध्रुवावर उतरलं.’ चंद्रावर एक अंश म्हणजे सुमारे ३० किलोमीटर. म्हणजे ती जागा ध्रुवापासून ६०० किलोमीटरहूनही दूर आहे. प्रकाशवर्षाचंही तेच. ते अंतर आहे, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. छापून येताना ते हमखास कालावधी होतं. दुसऱ्या दिवशी एखादा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक फोन करतो, आणि तो रागावतो लेखकावर. अशा वेळी मूळ वाक्याची २० सेकंदांची ध्वनिफीत आणि त्यासोबत लिहून दिलेले आकडे बातमीदाराला पाठवले की दुरुस्ती बिनवादाची होते.

पोटातलं हे ध्वनिमुद्रण चालू आहे ना, हे पहिल्या कार्यक्रमाआधी तपासावं लागतं. त्यासाठी ‘रोड सेंट्रल’ हे कंपनीचं ॲप लॅपटॉपवर घ्यायचं, ट्रान्समीटर एकेक करून यूएसबी-सी केबलने जोडायचे आणि प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये मुद्रण सुरू करायचं. एकात केलं आणि दुसऱ्यात राहून गेलं, असं फार वेळा होतं. साठवलेला आवाजही याच ॲपमधून बाहेर काढावा लागतो. पेनड्राइव्हसारखा उघडून फाइल ओढून घेता येत नाही. जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं मुद्रण होतं. म्हणून फेब्रुवारी-ऑक्टोबरच्या धावपळीत दर रात्री फाइली उतरवून घ्याव्यात आणि नावात तारीख, गाव आणि विषय घालावा. दिवाळी अंकाचे संपादक मुलाखतीचा मजकूर मागतात तेव्हा हे नावच कामी येतं.

फाइलींच्या आकाराचा अंदाज असलेला बरा. एका माइकची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची वेव्ह (न दाबलेल्या, मूळ आवाजाची) फाइल तासाला सुमारे ५१८ एमबी होते. दोन माइक, दीड तासाचा परिसंवाद, म्हणजे दीड जीबीहून जास्त. ती व्हॉट्सॲपवर पाठवायच्या फंदात पडू नये. ६४ केबीपीएसची एमपी-थ्री केली की तासाचं भाषण २९ एमबीत बसतं आणि बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं. मूळ वेव्ह मात्र हार्ड डिस्कवर ठेवावी.

आता सभागृह. इथे सर्वांत मोठा गैरसमज असा की हा माइक सभागृहाच्या यंत्रणेला जोडला की काम झालं. यातला माइक सगळीकडून येणारा आवाज सारखाच टिपतो. लेखक स्पीकरच्या पुढ्यात आला की शिट्टी सुरू होते, आणि साउंडवाला आवाज उतरवतो. मग मागच्या रांगांना काही ऐकू येत नाही. सभागृहाचा हातातला किंवा स्टँडवरचा माइक समोरच्या तोंडाचाच आवाज जास्त घेतो, म्हणून तो शिट्टी न मारता जास्त उचलता येतो. श्रोत्यांसाठी तोच वापरावा, आणि हा संच अंगावर फक्त नोंदीसाठी ठेवावा. दोन्ही एकदम चालू राहिले तरी एकमेकांना त्रास होत नाही.

तरीही जोडायची वेळ आलीच (लहान वाचनालयात एकच माइक असतो आणि तोही खरखरतो), तर केबल नीट निवडावी. रिसीव्हरमधून ३.५ मिलिमीटरच्या खाचेतून डावा-उजवा असे दोन आवाज बाहेर पडतात. साधी केबल घेऊन ते थेट साउंडवाल्याच्या मिक्सरच्या ‘बॅलन्स्ड’ इनपुटला घातले, तर तो इनपुट एका तारेतून दुसरी वजा करतो. दोन्हींत सारखाच आवाज असला की वजाबाकी शून्य. लेखक बोलतोय, रिसीव्हरवर पट्टी नाचतेय, स्पीकर मात्र गप्प; साउंडवाला माइक बिघडला म्हणून सांगतो. याच संचात ‘सेफ्टी चॅनेल’ (आवाज फाटला तर हाताशी असावी म्हणून एक हळू प्रत ठेवण्याची सोय) चालू असेल तर उजवा आवाज २० डेसिबलने उतरवलेला, म्हणजे डाव्याच्या एक दशांश असतो. तेव्हा तीच केबल चालल्यासारखी वाटते. काल चाललं आणि आज नाही, याचं कारण बहुधा हेच असतं. ३.५ मिलिमीटरच्या एका पिनेतून जाड ६.३५ मिलिमीटरच्या दोन पिना निघणारी वाय-केबल घ्यावी, आणि त्यातली डावी तेवढी मिक्सरला लावावी. मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं (केबलमधून माइकला वीज पुरवणारं) बटण बंद आहे ना, ते आधी विचारावं.

बिनतारी भागाची एक मर्यादा आहे आणि ती याच संचाची नाही. अशा छोट्या संचांतले बहुतेक माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय, ब्लूटूथ, सगळी गर्दी तिथेच. त्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, आणि पाणी त्या शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतांश पाण्याचं. रिकाम्या सभागृहात चाचणी घेतली की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज उत्तम पोचतो. दोनशे मुलं खिशात मोबाइल घेऊन बसली की तुटू लागतो. लेखक फळ्यावर ग्रहांच्या कक्षा काढायला पाठमोरा झाला की छातीवरचा ट्रान्समीटर आणि मागे कॅमेऱ्यावरचा रिसीव्हर यांच्या मध्ये त्याचंच शरीर येतं. रिसीव्हर व्यासपीठाजवळ, बसलेल्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावा. पोटातल्या मुद्रणावर या तुटण्याचा काहीच परिणाम होत नाही. हे मुद्रण महत्त्वाचं म्हणतो ते यासाठीही.

माइक कुठे लावायचा, हा प्रश्न मराठी कार्यक्रमात शालीपासून सुरू होतो. लेखक व्यासपीठावर येतो, दीपप्रज्वलन होतं, मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. शाल खांद्यावर पडली की कॉलरवरचा माइक तिच्याखाली जातो. आवाज बसल्यासारखा येतो आणि प्रत्येक हालचालीला खरखर होते. भाषणाला उठताना शाल काढून खुर्चीवर ठेवणं हा एक उपाय, पण सगळ्यांना ते बरं वाटत नाही. दुसरा उपाय असा की ट्रान्समीटर चालू करून खिशात ठेवावा आणि सत्कार आटोपून जागेवर बसल्यावर कॉलर-माइक शालीच्या वरच्या काठाला लावावा. मुद्रण तोवर चालूच असतं, सुरुवात कापून टाकता येते.

हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत, ही योग्य जागा. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि त्या प्रमाणात सभागृहाचा घुमारा वर येतो. पणजीतल्या जुन्या, उंच छताच्या दालनांत हा फरक लगेच कळतो. पातळ कुर्त्याच्या गळ्याला पूर्ण डबी अडकवली की गळा खाली ओढला जातो आणि माइकचं तोंड छताकडे होतं, म्हणून वेगळा कॉलर-माइक घ्यावाच. तो संचात येत नाही. साडी असेल तर माइक पदराच्या खांद्यावरच्या निऱ्यांना, मंगळसूत्रापासून दूर लावावा आणि डबी कमरेला. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटल्याचा आवाज मुद्रणातून नंतर काढता येत नाही. क्लिपच्या मागे तारेचा एक छोटा वेढा करून चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे तारेची ओढ माइकपर्यंत जात नाही. ३.५ मिलिमीटरची पिन आट्यांनी कसली जात नाही, नुसती आत बसते. लेखक हातवारे करणारा असेल तर तिथेही पट्टी लावून टाकावी.

आपल्याकडे पंखे वर्षभर फिरतात. बाहेरच्या वाऱ्यासाठी म्हणून दिलेलं केसाळ टोपडं पंख्याखाली आतही घालावं. दिसायला बरं दिसत नाही, पण पंख्याची धडधड बरीच थांबते. शक्य असेल तर बोलायची जागाच पंख्याच्या थेट खालून दोन हात सरकवावी. पाऊस वेगळा. जुलैत सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या पत्र्याच्या छपराखाली कार्यक्रम असला आणि सर आली, तर कोणताही माइक तो आवाज गाळू शकत नाही. माइक वर, गळ्याच्या बटणापाशी, १० सेंटिमीटरवर आणावा आणि सर ओसरेपर्यंत वाचन थांबवून प्रश्नोत्तरं घ्यावीत.

परिसंवादात दोन ट्रान्समीटरांचा खरा फायदा दिसतो. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोत ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या तळांच्या मोहिमा तिथूनच आखल्या जातात. त्यामुळे गोव्यात विज्ञानकादंबरीकाराच्या शेजारी खरा शास्त्रज्ञ आणून बसवणं आयोजकांना सोपं जातं, आणि अशा गप्पा ऐकण्यासारख्या होतात. एक माइक लेखकाला, दुसरा शास्त्रज्ञाला, आणि रिसीव्हर ‘स्प्लिट’वर: डावीकडे एक आवाज, उजवीकडे दुसरा. दोघं एकदम बोलले तरी शब्दांकन करणाऱ्याला एक आवाज बंद करून दुसरा ऐकता येतो. मराठी बोलण्याचं आपोआप शब्दांकन करणारी साधनं ‘गुरुत्वीय लहरी’, ‘न्यूट्रिनो’ अशा शब्दांवर अडखळतात. आवाज वेगळे असले की चुका निस्तरायला खूपच कमी वेळ लागतो. सूत्रसंचालकाला मात्र तिसरा माइक उरत नाही. त्याच्या पुढ्यात मोबाइल ठेवून मुद्रण करावं, फोन एअरप्लेन मोडवर टाकून.

शाळेत दुसरा ट्रान्समीटर मुलांच्या हाती द्यावा. ‘इंटरव्ह्यू गो’ नावाची मूठ वेगळी मिळते. तिच्यात डबी बसवली की हातातला माइक तयार होतो. मुलं फुंकर मारतात, टिचक्या मारतात, तोंडात घातल्यागत धरून ओरडतात. त्यासाठी सेफ्टी चॅनेल चालू असावं: रिसीव्हरमधून बाहेर पडणारा मुख्य आवाज फाटला तरी २० डेसिबल खालची प्रत शाबूत राहते. ही सोय दोन्ही माइक एकत्र करणाऱ्या ‘मर्ज्ड’ मोडमध्येच मिळते, ‘स्प्लिट’मध्ये नाही. मूठ नसेल तर मुलाने विचारलेला प्रश्न लेखकाने स्वतः पुन्हा उच्चारावा. मागच्या बाकांनाही तो तेव्हाच पहिल्यांदा ऐकू जातो. आणि मुलांचे आवाज कुठेही प्रसिद्ध करण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, हे सांगायला हवं.

वाहिन्यांच्या बाइटसाठी एक छोटी सवय फार कामाची. आकडा दोनदा, दोन रीतींनी सांगावा: ‘४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सूर्य सोडला तर आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून प्रकाश यायला सव्वाचार वर्षं लागतात.’ संपादनात एक कापला गेला तरी दुसरा अर्थ सांभाळतो. मुलाखत सुरू होताना घड्याळ बघून वेळ कागदावर टिपून ठेवावी, मग रात्री सहा तासांच्या मुद्रणात ती जागा शोधत बसावं लागत नाही.

कार्यक्रम संपला की स्वाक्षरीच्या टेबलाकडे जाण्याआधी ट्रान्समीटर बंद करावा. तिथे वाचक स्वतःचं काहीबाही मनातलं सांगतात, कुणी हस्तलिखित वाचाल का म्हणून विचारतं, आयोजक मानधनाचं पाकीट देताना दोन शब्द बोलतात. त्यांना कल्पना नसताना ते मुद्रित होणं बरोबर नाही.

घरून ऑनलाइन कार्यक्रम असेल तर रिसीव्हर यूएसबी-सीने थेट लॅपटॉपला लागतो आणि माइकच्या यादीत त्याचं नाव दिसतं. झूमवर कादंबरीतला उतारा वाचायचा असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करावं. नाहीतर झूमची गोंगाट गाळणारी यंत्रणा वाचनातले हळू शब्द आणि वाक्यांची शेवटची अक्षरं खाऊन टाकते. मोबाइलला जोडण्याची केबल मात्र फोनप्रमाणे वेगळी घ्यावी लागते. खरेदीच्या वेळीच दुकानदाराला आपला फोन दाखवावा.

गोव्याच्या दमट, खारट हवेत हा संच सांभाळावा लागतो. चेनच्या घट्ट पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहाव्या. फोमच्या टोपीत घाम मुरतो, म्हणून घरी आल्यावर ती काढून वाळवावी. पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा कापूस फिरवावा. तिन्ही डब्या वेगवेगळ्या चार्ज कराव्या लागतात, या संचासोबत चार्जिंगची पेटी येत नाही. तीन तोंडांचा चार्जर घेतला की रिसीव्हर चार्ज करायचा राहून गेला, ही तक्रार संपते. बॅटरी आत बंदिस्त आहे, आपल्याला बदलता येत नाही. गाडी उन्हात उभी करून संच डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नये.

कुणी घेऊ नये, तेही सांगतो. वर्षातून दोन-तीन कार्यक्रम असतील तर तारेचा साधा कॉलर-माइक आणि जुना मोबाइल पुरे. मुद्रण खिशातच होतं आणि बिनतारीची कटकटच नाही. भरपूर फिरणाऱ्याने नवा संच घेताना २०२३चा ‘वायरलेस प्रो’ही पाहावा. त्यात ३२-बिट फ्लोट मुद्रण आहे, म्हणजे लेखक कुजबुजत वाचून एकदम मोठ्याने हसला तरी आवाज फाटत नाही, आणि चार्जिंगची पेटीही सोबत येते. डीजेआयच्या ‘माइक टू’मध्येही ३२-बिट फ्लोट आहे. बजेट कमी असेल आणि वापरलेला ‘गो टू’ समोर आला, तर दोन्ही ट्रान्समीटर पूर्ण चार्ज करून सलग चार तास चालू ठेवा, त्या वेळातलं मुद्रण विकणाऱ्यासमोरच लॅपटॉपवर उतरवून शेवटपर्यंत ऐका, मगच पैसे द्या.